शेवटच्या वाफ्यातली टाच

१

आमच्या वाडीत बावीस वाफे आहेत. विहिरीवरच्या कुंडीतून पाट निघतो, केळीच्या आळ्यांना वळसा घालतो, मग माठ, मुळा, वांगी, चवळी असं करत करत फाटकापाशी येतो. फाटकाला लागून अळूचा वाफा. तो शेवटचा, बाविसावा. त्याच्या पलीकडे तारेचं कुंपण, बाहेर चिंच, आणि चिंचेखालून धक्क्याकडे जाणारी वाट. बोरीवलीहून बोटीने गोराईची खाडी ओलांडली की वीस मिनिटं चालायचं, सावकाश चाललं तर पंचवीस. मला पंचवीस लागतात.

पाणी कसं देतात ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फावड्याने वाफ्याचं तोंड उघडायचं, पाणी आत घ्यायचं. भरला की तोंडावर चिखलाचा गोळा दाबायचा आणि पुढच्याचं तोंड उघडायचं. एवढंच काम. मी ते पासष्ट वर्षं केलं. शाळेत गेलो नाही, कारण शाळेची आणि पाण्याची वेळ एकच होती. अक्षरं मला लग्नानंतर वनमालाने शिकवली, माझ्या बायकोने, वाफ्याच्या ओल्या कडेवर काडीने गिरवून. म्हणून माझं लिहिणं हळू चालतं. घाई कुणाला आहे म्हणा.

वाफा भरतो त्याचा आवाज असतो. आधी माती पाणी पिते, तेव्हा नुसते बुडबुडे. मग खळखळ. मग भरत आला की आवाज जाड होतो, आणि पूर्ण भरला की बंद. आणि कड फुटली, तर जुनं धोतर फाडावं तसा आवाज येतो. तो आवाज आला की माणूस जेवत असला तरी उठतो. मी वनमालाच्या बाराव्याला भटजी बसलेले असताना उठलो होतो. लोक हसले. वाफा मात्र वाचला.

२

वाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्याची आमच्यात एक रीत आहे. देणाऱ्याने त्या दिवशी सगळ्या वाफ्यांना स्वतः पाणी द्यायचं. शेवटच्या वाफ्याचं तोंड उघडायचं, पण बंद करायचं नाही. पाणी चालू असतानाच फावडं घेणाऱ्याच्या हातात द्यायचं आणि फाटकाबाहेर जायचं. मागे वळायचं नाही. वाफा घेणाऱ्याने बांधायचा. आणि नव्या हाताने पाच पाणी होईपर्यंत देणाऱ्याने कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी, म्हणजे झाले दहा दिवस.

माझ्या बापाने, धाकूने, माझ्या हातात फावडं दिलं तेव्हा तो बाहेर चिंचेखाली जाऊन बसला होता. दहा दिवस रोज यायचा, रस्त्याकडे तोंड करून बसायचा, विडी ओढायचा. मी आत चुका करत होतो, त्याला सगळं ऐकू येत असणार. एकदाही मान वळवली नाही. का, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

माझा मुलगा सुबोध. तो बोरीवलीत राहतो, कचेरीत जातो, चांगला आहे, पण चिखलात पाय घालायचा म्हटलं की आधी चपला कुठे ठेवू म्हणून जागा शोधतो. वाडी हवी होती त्याच्या मुलीला. रेवतीला. मरोळला एका कारखान्यात औषधं तपासायच्या खोलीत काम करायची, ते सोडून म्हणाली, "आबा, मला शिकवा." सुबोध म्हणाला, "वर्षभर कर. जमलं नाही तर मुकाट्याने परत नोकरी, आणि वाडी त्या रिसॉर्टवाल्याला भाड्याने. कबूल?" ती म्हणाली, "कबूल." बाप-लेकीचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही, पण मी मनातून एवढा खूश होतो की दोन दिवस मला जेवणाची चव लागली नाही.

होळीच्या आधीच्या आठवड्यात वाडी दिली. एकवीस वाफे भरले, बाविसाव्याचं तोंड उघडलं, फावडं तिच्या हातात दिलं. म्हटलं, "घे बाय. आता तुझं." आणि निघालो.

फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि मागे धोतर फाटलं.

नंतर कळलं, ती आईला दाखवायला फोनवर चित्र घेत होती. मी ते पाहिलं नाही. मी नुसता आवाज ऐकला, आणि वळलोसुद्धा, आत गेलोसुद्धा, अळूच्या कडेला भगदाड पडलं होतं त्यात उजवी टाच रोवलीसुद्धा. फावडं हातात नसलं की टाच लावायची, हे पायालाच माहीत असतं. पाणी थांबलं. रेवतीने धावत येऊन चिखल दाबला. मी टाच काढली आणि पुन्हा बाहेर आलो.

"आबा, हे चालतं का?" ती म्हणाली.

"नुसती टाच तर लावली," मी म्हणालो. "टाचेला काय हिशेब."

३

बोरीवलीच्या घरात मी सातव्या मजल्यावर राहतो. दिवाणखान्यात गॅलरीच्या दाराशी माझा दिवाण आहे. खोटं कशाला बोलू, मला तिथे आवडलं. सकाळी सून चहा देते. श्वेता तिचं नाव, तोंडाने फटकळ, हाताने प्रेमळ. गॅलरीत तिच्या चार कुंड्या आहेत, तुळस, मिरची आणि दोन कसलीशी शोभेची. समोर दूर खाडी दिसते आणि खाडीपलीकडे हिरवा पट्टा. त्यात आमची वाडी कुठली ते ओळखू येत नाही, पण आहे हे माहीत असतं. मला तेवढं पुरतं. दुपारी मी झोपायचो. आयुष्यात पहिल्यांदा दुपारी झोपलो.

झोप मात्र फार गाढ लागायची. दिवसभर काही न करता इतकी गाढ झोप येऊ नये. सकाळी उठलो की खांदे भरून आलेले, कंबर जड. ती जडपणाची चव मला ओळखीची होती. पाणी दिल्यावर जशी असते तशी. मी म्हटलं, सवय आहे, जाईल हळूहळू. बैल विकला तरी महिनाभर त्याच्या वेळेला जाग येत होतीच की.

एके दिवशी श्वेता चादर घेऊन आली. "बाबा, पाय घासून धुता ना? हे बघा."

पायथ्याशी वाळलेल्या चिखलाची भुकटी होती. मी उजवी टाच वर करून पाहिली. भेगांमध्ये काळी माती.

"पासष्ट वर्षांची आहे गं," मी म्हणालो. "एका साबणात थोडीच जाणार."

ती हसली. मीही हसलो. मग न्हाणीघरात जाऊन दगडाने टाच घासली, लाल होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी माती होती. ओली होती.

४

रेवती सकाळी पहिल्या बोटीने जायची. स्कूटर बोटीत चढवायची, पलीकडे उतरवायची. मी झोपलेला असायचो तेव्हाच ती निघायची. जाताना माझं पांघरूण सारखं करायची, ते मला झोपेतही कळायचं.

चौथं पाणी होतं त्या दिवशी तिचा फोन आला. "आबा, तुमच्या कुंडलिककाकांना सांगा ना, माझ्या वाडीत येऊन पाणी देऊ नका म्हणून."

"का गं? काय झालं?"

"मी येते तेव्हा अळूचा वाफा भरलेला असतो. रोज. बाकीचे कोरडे, आणि तो एकटा भरलेला. मोटर बंद. फावडं ओलं. मदत करायची तर विचारून करा ना यार."

कुंडलिक आमचा शेजारी. त्याची वाडी आमच्या कुंपणाला लागून आहे, तो तिथेच राहतो. माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि चौपट बोलका. मी त्याला फोन लावला.

"मी?" तो म्हणाला. "माझ्या वाडीला पाणी देताना माझी वाट लागते, तुझ्या वाडीला कोण देतो! आणि काशीराम, तू रे, सुनेने हाकलला काय तुला? पहाटे पहाटे येऊन बसतोस. हाक मारली तर बघतसुद्धा नाहीस. एवढा कसला राग?"

"मी येत नाही," मी म्हणालो.

"बरं बाबा, नाही येत," तो म्हणाला, जसं लहान मुलाला म्हणतात तसं. "पण येतोस ना, तर फाटक लावून जात जा. गुरं शिरतील."

फोन ठेवला. कुंडलिकला मोतीबिंदू आहे. पहाटेच्या उजेडात केळीचा खुंटही माणसासारखा दिसतो. कुंडी झिरपत असेल, पाणी उताराने शेवटच्या वाफ्यात जात असेल. फावड्यावर दव पडतं. अशी एकेक गोष्ट मी लावून पाहिली. सगळ्या बसल्या. फक्त सगळ्या एकदम बसत नव्हत्या.

मग रेवतीने फोनवर फोटो पाठवला. श्वेताने तो मोठा करून दिला. अळूच्या कडेला ओल्या चिखलात पाऊल होतं, उजवं, टाच खोल रुतलेली. बोटं चार.

माझ्या उजव्या पायाला करंगळी नाही. एकोणिसाव्या वर्षी फावड्याखाली गेली.

"बाबा," श्वेता हळूच म्हणाली, "हा वाडी दिली त्या दिवशीचा असेल ना ठसा?"

"तसंच असेल," मी म्हणालो. त्याला आठ दिवस झाले होते, आणि अळूच्या वाफ्याला मधे चार वेळा पाणी मिळालं होतं. श्वेताला पाण्यातलं काही कळत नाही ते बरं झालं.

५

पाच पाणी झाली, महिना झाला, दोन झाले. मी वाडीत गेलो नाही. जायची मुभा होती, पण मन घेईना. सुबोध म्हणाला, "बाबा, एवढे वाडीचे वेडे, आणि आता बघायलाही जात नाही?" मी म्हटलं, "गुडघे दुखतात." गुडघे खरंच दुखत होते. चिखलात उभं राहिल्यासारखे.

मला भीती वाटत होती का? सकाळी वाटायची, जाग आल्यावर, पाय पांघरुणाबाहेर काढायच्या आधी. चहा झाला की कमी व्हायची. आणि खरं सांगायचं तर एक समाधानही होतं, ते लिहायला लाज वाटते. आपलं काम कुठेतरी चाललंय, आपल्याशिवाय अडलेलं नाही, किंवा आपल्यासकट चाललंय, काय म्हणायचं ते म्हणा. त्यात मी सुखाने दुपारी झोपत होतो.

रेवती मात्र सुकत चालली.

आधी ती सगळं हसत सांगायची. मग कमी सांगायला लागली. मग एके संध्याकाळी आली, स्कूटरची किल्ली ताटलीत टाकली आणि माझ्या दिवाणावर येऊन बसली.

"आबा, माझ्या हाताचं पाणी लागत नाही."

"म्हणजे?"

"मुळा तीन वेळा टाकला. उगवतो आणि बसतो. माठ पिवळा. वांगी करपली. पाणी तेवढंच, खत तेच, तुम्ही सांगितलं तसंच सगळं. माती मी माझ्या जुन्या कारखान्यात नेऊन तपासली, काही दोष नाही. आणि तो एक अळू बघा. पान छत्रीएवढं झालंय. त्याला मी हातही लावत नाही." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मी बाबांना सांगणार आहे. वर्षाची वाट कशाला बघायची? तो माणूस रविवारी येतोय, देऊन टाकू."

"कोण माणूस?"

"रिसॉर्टवाला, आबा."

स्वयंपाकघरात श्वेताने नळ सोडला होता. मी नळाच्या आवाजाकडे लक्ष दिलं, कारण पोरीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. चार बोटांचा फोटो तिनेच काढला होता. माझा पाय ती लहानपणापासून चेपत आली होती. तिला कळलेलं होतं सगळं. तीन महिने कळलेलं होतं, आणि माझ्यावर ठपका नको म्हणून ती स्वतःच्या हाताला दोष देत होती.

वाडीचा धनी एक असतो. ती रोज पहिल्या बोटीने जात होती, आणि तिच्या आधी तिथे कुणीतरी उभं होतं.

"रविवारच्या आत एक पाणी आहे ना?" मी विचारलं.

"शनिवारी."

"मी येतो. बाहेर बसेन. तू नेहमीसारखं पाणी दे. मागे काहीही फुटलं तरी मला हाक मारायची नाही. बांध फुटला तर तू बांधायचा."

"आणि तुम्ही?"

"मी माझ्या बापाने केलं ते करणार. उशिराने."

६

शनिवारी सकाळी बंडी घातली. जुनीच, पाठीवर ठिगळ असलेली. पलीकडच्या धक्क्यावरून स्कूटरवर मागे बसून गेलो. कुंडलिक दात घासत कुंपणाशी उभा होता. मला फाटकाबाहेर पाहिलं, मग आमच्या वाडीत पाहिलं, मग पुन्हा मला. तोंडातला फेस तसाच ठेवून तो घरात निघून गेला. तो बोलला नाही, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

रेवतीला म्हटलं, "जा. मोटर सुरू कर." ती केळीआड गेली. मी चिंचेपाशी उभा राहिलो. रस्त्याकडे तोंड करून बसायचं ठरवून आलो होतो. पण एकदा बघितल्याशिवाय बसवेना. मी कुंपणाच्या तारांमधून पाहिलं.

अळूची पानं खरंच छत्रीएवढी होती. पानांच्या मागे एक पाठ वाकलेली होती.

माझी पाठ मी कधी पाहिली नव्हती. ती एवढी बारीक झाली असेल असं वाटलं नव्हतं. बंडीवर डाव्या खांद्याखाली ठिगळ होतं, हिरव्या लुगड्याच्या काठाचं. वनमालाने लावलं तेव्हा म्हणाली होती, छान दिसतंय हो, आणि मी म्हटलं होतं, मला कुठे दिसणार. ते दिसलं. खरंच छान होतं. त्याच वेळी तेच ठिगळ माझ्या खांद्याला आतून टोचत होतं.

त्याच्या हातात फावडं होतं, पण तो काही करत नव्हता. उजवी टाच वाफ्याच्या कडेत घोट्यापर्यंत रुतलेली. सगळं वजन त्या टाचेवर. तो काम करायला थांबलेला नव्हता, हे मला तेव्हा समजलं. त्याला टाच काढता येत नव्हती. काढली तर फुटेल म्हणून तो तीन महिने तसाच उभा होता, आणि मागे काय सुकतंय ते त्याला दिसत नव्हतं.

मोटर सुरू झाली. पाटाला पाणी आलं. त्याची मान हलली. आवाज ऐकून मी जशी हलवतो तशी, उजवीकडून, सावकाश. कान दिसला. गालाचं हाड दिसलं.

मी वळलो. रस्त्याकडे तोंड केलं आणि चिंचेच्या मुळावर बसलो. मग हळूहळू ऐकू आलं. बुडबुडे, खळखळ, गोळा दाबल्याचा आवाज. रेवती एकेक वाफा घेत येत होती. मी मोजत होतो. सात. बारा. एकोणीस. तिचा हात बसला होता. गोळा एका दणक्यात दाबत होती, माझ्यासारखं दोनदा नाही.

एकविसावा बांधून झाला. बाविसाव्याचं तोंड तिने उघडलं. पाणी आत शिरलं. आवाज जाड झाला.

"काशीराम," मी हलक्या आवाजात म्हणालो. स्वतःला नावाने हाक मारायची सवय नसते, जीभ अडखळते. "वाफा भरलाय रे. टाच काढ. पोरगी बांधेल."

मागे पाणी चढतच होतं.

"माझंच चुकलं. तुला तिथे ठेवून मी दुपारी झोपत होतो. चल आता. घरी चहा आहे."

आवाज बंद झाला. भरला. वाऱ्याने चिंचेचा पाला माझ्या डोक्यावर पडला. तो झटकायलाही मी हात उचलला नाही.

मग चिखलातून खोल रुतलेला पाय निघतो तसा आवाज आला, आणि पाठोपाठ धोतर फाटलं.

टरकन, लांबलचक, वाफा अर्धा गेला असेल असा. माझे दोन्ही हात जमिनीवर टेकले, कंबर उचलली गेली, मान फिरायला लागली. पासष्ट वर्षांची मान होती ती. मी डोळे मिटले आणि चिंचेच्या मुळाला दोन्ही हातांनी धरलं. लहान मूल आईच्या पदराला धरतं तसं धरलं.

"अगं आई गं!" मागे रेवती ओरडली. पण हाक तिने मला मारली नाही. तिची धावती पावलं, फावडं, थप्. थप्. पाणी रस्त्यावर माझ्या तळव्यांपर्यंत आलं, गार. थप्. मग धार बारीक झाली. मग थेंब. मग बंद.

"बांधला!" ती म्हणाली. धापा टाकत होती आणि हसत होती. "आबा, बांधला हो मी!"

"शाब्बास," मी म्हणालो. वळलो नाही. "मी निघतो गं."

"थांबा, सोडते तुम्हाला."

"नको. चालत जातो." एवढं बोलेपर्यंत फाटक करकरलं होतं. उघडलं आणि लावलं गेलं, व्यवस्थित, कडी घालून. रेवतीचा आवाज आतून, चवळीच्या बाजूने आला होता, तिथून फाटकाला हात पोचत नाही.

"आबा, तुम्ही कुणाशी बोलत होता?" तिने विचारलं.

"घरी सांगतो," मी म्हणालो. आणि चालायला लागलो.

पंचवीस मिनिटं. वाट कोरडी होती. माझ्या मागे ओल्या पायांचा आवाज येत होता, उजवा पाय जरा ओढत. मी हळू झालो की तो हळू. घाई त्यालाही नव्हती. बोटीत गर्दी होती. मासळीची पाटी घेतलेली एक बाई बाकावर होती, मला बघून सरकली. मी बसलो. तिने माझ्या पलीकडे पाहिलं, पाटी मांडीवर घेतली आणि अजून थोडी सरकली.

७

रविवारी रिसॉर्टवाला आला नाही. सुबोधने त्याला फोन करून सांगितलं, मुलगी नको म्हणते. सांगताना आवाज कठोर होता, पण फोन ठेवल्यावर त्याने रेवतीच्या डोक्यात टपली मारली. मुळा आठव्या दिवशी वर आला. पहिली जुडी तिने मला आणून दिली. पानं थोडी किडकी होती. मी एवढा गोड मुळा खाल्लेला नाही. अळूची पानं आता हाताएवढीच आहेत, अळूची असतात तेवढी. फावडं सकाळी कोरडं असतं, असं ती सांगते, आणि माझ्याकडे बघून पुढे काही विचारत नाही. मीच एकदा सांगितलं, "तू देशील ना कुणाला वाडी, तेव्हा मागे आभाळ फाटलं तरी वळू नको." ती म्हणाली, "तोवर मी ठार बहिरी म्हातारी झालेली असेन." पोर हजरजबाबी आहे.

माझे खांदे आता भरून येत नाहीत. टाच स्वच्छ असते.

परवा श्वेता म्हणाली, "बाबा, कुंड्यांना एवढं पाणी घालू नका ना. खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळतं, त्या ओरडतात."

"बरं," मी म्हणालो. मी कुंड्यांना पाणी घालत नाही.

चारही कुंड्या पहाटे भरलेल्या असतात, काठोकाठ, पण एकही फुटत नाही. मिरचीला मिरच्या लागल्यात. गॅलरीतून ओली पावलं आत येतात, फरशीवर, उजवं चार बोटांचं. आठ वाजता ऊन आलं की वाळतात, श्वेताच्या नजरेला पडत नाहीत. पहिल्या दिवशी दोनच होती, उंबऱ्याशी थांबलेली. नवी जागा म्हटली की माणूस बिचकतो. रोज एक वाढतं. काल दिवाणाच्या पायाशी आली. आणि पावलांची बोटं माझ्याकडे असतात, परत जाणारं एकही नसतं.

मला पहिल्यासारखी भीती वाटत नाही. तीन महिने उभा होता बिचारा, एका टाचेवर. दमला असेल.

मी हल्ली भिंतीकडे सरकून, तोंड भिंतीकडे करून झोपतो. बाहेरच्या बाजूला जागा ठेवतो.